चित्राची पाठ

चित्रं मी समोरून फारशी पाहिलेली नाहीत.
माझ्याकडे येतात तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभी असतात,
रुसल्यासारखी.
शारजात, इंडस्ट्रियल एरिया दहामध्ये, पत्र्याच्या शेडखाली
मी त्यांना मापाच्या पेट्या करतो.
बारा मिलिमीटरचा प्लाय, आत फोम, कोपऱ्यांना दुहेरी पट्टी,
बाहेर वर जाणारा बाण, पेला, उघडी छत्री.
इथे छत्री कशाला, असं बिजू दर वेळी विचारतो.

केतकीने परवा फॉर्म उघडला.
लायडन. कलेचा इतिहास. दोन वर्षं.
फी, राहणं, विमान, सगळं त्यांचं.
ती स्कॉलरशिप म्हणते.
मी शिष्यवृत्ती म्हणतो, चौथीतली,
जी तीन मार्कांनी हुकली
आणि काकांनी हातात रंधा दिला.

पहिलाच रकाना: तुमचा देश.
जन्म इथला, शाळा इथली, अरबी कामापुरती येते.
पासपोर्ट भारताचा,
आणि भारतात राहिलेले दिवस
सगळ्या सुट्ट्या धरून चौदा महिने.
इथली शिष्यवृत्ती इथल्यांना.
तिथली, तिथे शिकलेल्यांना.
ही लायडनवाली कुणीही चालेल म्हणते,
फक्त बापाचं उत्पन्न दाखवा, युरोत.
माझा पगार दिरहममध्ये थोडा,
रुपयांत बरा,
युरोत पुन्हा थोडा.
थोडा असल्याचा फायदा आयुष्यात पहिल्यांदा.

मग शेवटी: पाचशे शब्दांत सांगा, हाच विषय का?

दोन रात्री ती ओट्यापाशी लॅपटॉप घेऊन बसली.
लिहायची, पुसायची.
लहानपणापासून मला सौंदर्याची ओढ आहे,
असं काहीसं वाचून दाखवलं.
मी म्हटलं, वॉर्निशचा वास येतोय.
हसली, मग चिडली.
मग तुम्ही सांगा काय लिहू.

मला काय कळतंय त्यातलं.
मी आपला गुरुवारचं बोललो.
एक छोटं चित्र आलं होतं, दीड वीत.
पुढे बंदर आहे म्हणे, बिजूने पाहिलं.
मी पाठ पाहिली.
चौकटीवर सात चिठ्ठ्या, एकीवर एक चढलेल्या.
एक शाईची, पाण्याने फुगलेली.
एक बेरूतच्या कस्टमची.
खडूने आकडा, तो खोडून दुसरा आकडा.
एका खिळ्याला चार भोकं,
म्हणजे चारदा उसवली, चारदा ठोकली.
आणि डावी पट्टी वेगळ्या लाकडाची.
कुणा सुताराने बसवली असणार,
सांधा असा की नख जाणार नाही.
नाव लिहिलेलं नाही.
इद्रिससाहेब वही ठेवतात आमच्याकडे, खार्तूमचे.
ते म्हणाले, याची मधली बारा वर्षं सापडत नाहीत.
कुणाच्या घरी होतं, कुणी नेलं,
विकलं की नुसतं उचललं,
कागदच नाही.

केतकीची बोटं थांबली होती.
बाबा, खिळ्याचं परत सांगा.

मग ती लिहीत राहिली. मी डबे घासले.
तिची आई नाइट ड्यूटीला,
खाली शोरमावाल्याने शटर ओढलं.
तिथली मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे तीन.

उत्पन्नाच्या कागदाला माझा पासपोर्ट जोडायचा होता.
नवा, आणि त्याला टाचलेले जुने दोन.
ती पानं उलटत होती, व्हिसाचं पान शोधत,
चौकोनी शिक्के, गोल शिक्के,
मुंबई, शारजा, मुंबई.
मग जुन्यातल्या जुन्यात थांबली.
अठ्ठ्याण्णव ते दोन हजार एक
एकही शिक्का नाही.

बाबा, ही तीन वर्षं तुम्ही कुठे होतात?

मी हात पुसले.
घड्याळात तीनला वीस कमी.
म्हटलं, आधी फॉर्म पाठव.